रेघ तुटू नये म्हणून

वसई रोड स्थानकात पूर्वेला उतरावे, शेअर रिक्षात अंग चोरून बसावे आणि एव्हरशाईन सिटीत शिरावे, की दोन्ही अंगांना दुकानांच्या पाट्यांची रांग सुरू होते. औषधे, किराणा, क्लासेस, पोळी-भाजी केंद्र, मोबाइल दुरुस्ती. सगळ्या पाट्या चकचकीत, रात्री आतून उजळणाऱ्या आणि जवळजवळ एकाच छापाच्या. यांत हाताने रंगवलेली पाटी शोधायची म्हटली तर बरीच पायपीट करावी लागते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना मात्र ती करावी लागत नाही. कोणत्या गल्लीत, कोणत्या गिरणीवर आपली पाटी अजून शिल्लक आहे, हे त्यांना पाठ आहे. आम्ही सगळे त्यांना पेंटरकाका म्हणतो.

पेंटरकाकांनी उमेदीची सारी वर्षे अक्षरे रंगवण्यात घालवली. दुकाने, शाळा, लग्नाचे मंडप, टेम्पोंच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती. मग फ्लेक्स आला. एका दुपारी डझनावारी पाट्या छापून देणाऱ्या यंत्रापुढे ब्रशाचा निभाव लागला नाही. काकांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये स्वच्छ धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. पुढे एका गोदामात पहारेकऱ्याची नोकरी केली. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे.

त्यांची मुलगी बी. कॉम. झालेली. रोज सकाळच्या लोकलला लोंबकळत अंधेरीला जायची आणि एका कचेरीत बिले टाईप करायची. मागच्या वर्षी तिने ती नोकरी सोडली आणि घरी बसून वेबसाइट तयार करण्याचे काम शिकू लागली. काकू धास्तावल्या. काकांनी मात्र सरळ हिशेब मांडला. "सहा महिने बघ. जमलं तर जमलं. नाही तर पुन्हा लोकल आहेच."

या सहा महिन्यांत त्या घरात जे घडले ते मी चहाच्या निमित्ताने जवळून पाहिले. त्याचीच ही हकीगत.

चित्र नाही, शब्द आहेत!

एका रविवारी संध्याकाळी तिने मला हाक मारली. "काका, जरा बघायला या ना." संगणकाच्या पडद्यावर गेरूच्या रंगावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. मधोमध फूल, चारी बाजूंना पाने, वर तोरणाच्या त्रिकोणी पताका. मी म्हटले, "फोटो छान काढलायस." ती हसली. "फोटो नाहीये. यात एकसुद्धा चित्र नाही. नुसते शब्द लिहिलेत."

माझा विश्वास बसेना, तेव्हा तिने दुसरी खिडकी उघडली. तीत खरोखरच वीस-पंचवीस ओळींचा मजकूर होता. या मजकुराच्या भाषेचे नाव सी. एस. एस., म्हणजे 'कॅस्केडिंग स्टाईल शीट्स'. आपण मोबाइलवर वर्तमानपत्र वाचतो, रेल्वेचे तिकीट काढतो, विजेचे बिल भरतो, तेव्हा त्या पानावरचा प्रत्येक रंग, प्रत्येक मोकळी जागा, अक्षरांचा प्रत्येक आकार याच भाषेने ठरवलेला असतो. दिवसातून दहा वेळा जिच्याशी गाठ पडते, तिचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

वेबपानाचे दोन भाग असतात. एका भागात मजकूर असतो आणि त्याची ओळख असते: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. या भागाला एच. टी. एम. एल. म्हणतात. तो दिसायला कसा असावा, हे सांगण्याचे काम सी. एस. एस.चे. नाटकाशी तुलना केली तर पहिली संहिता आणि दुसरे नेपथ्य. संहितेला हात न लावता नेपथ्य बदलता येते.

नावातला 'कॅस्केडिंग' हा शब्द धबधब्यावरून आला आहे. नियम वरून खाली उतरत येतात. आपल्या गृहनिर्माण संस्थेचेच उदाहरण घ्या. संपूर्ण इमारतीला पिवळसर रंग, हा झाला सर्वसाधारण नियम. जिन्याच्या भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत तेलरंग, हा त्याहून नेमका नियम. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मीटरच्या पेटीला लाल रंग, हा सर्वांत नेमका. दोन नियमांत भांडण लागले तर साधारणपणे जो अधिक नेमका, त्याचे चालते. एवढे समजले की सी. एस. एस.चे मर्म बरेचसे समजले.

तीस वर्षांमागची गोष्ट

ही भाषा मुळात कशी आली, तेही पाहण्यासारखे आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत वेबची निर्मिती केली. तेथेच काम करणारे नॉर्वेचे होकुन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी पानांच्या रूपाविषयीचे नियम वेगळे लिहिण्याचा प्रस्ताव मांडला. हॉलंडचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सी. एस. एस.ची पहिली आवृत्ती वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने मान्य केली.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमातर्फे. त्या काळची पाने ज्यांनी पाहिली असतील त्यांना राखाडी पार्श्वभूमी आणि निळे अधोरेखित शब्द आठवत असतील. पान सजवायचे तर कारागीर तक्त्यांचा आधार घेत. हिशेबाच्या वहीत जसे रकाने आखतात तसे अदृश्य रकाने आखायचे आणि एकात मजकूर, दुसऱ्यात चित्र बसवायचे. अंतर राखायला एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ताणून मध्ये घुसवायचे. भिंत सरळ दिसावी म्हणून विटांखाली कागदाच्या घड्या सरकवण्यासारखाच हा प्रकार होता. त्यात भर म्हणजे दोन ब्राउझरांचे आपसांत पटत नसे. 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच पाहावे' अशा सूचना पानांवर बिनदिक्कत लिहिलेल्या असत.

सी. एस. एस.ने काय साधता येईल, हे बहुतेकांना पटले ते २००३ साली. डेव्ह शे या कॅनडातल्या रचनाकाराने 'सी. एस. एस. झेन गार्डन' नावाचा उपक्रम सुरू केला. मजकूर एकच, त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. प्रत्येकाने फक्त आपली नियमपत्रिका पाठवायची. जगभरातून शेकडो रचना आल्या. एकीत तेच पान जपानी बाग झाले, दुसरीत सर्कशीचे पोस्टर, तिसरीत समुद्राचा तळ. एकच संहिता आणि शेकडो नेपथ्यकार, असा तो मेळा होता.

पुढे मोबाइल आले आणि पडद्याची रुंदीच बेभरवशाची झाली. २०१० साली इथन मार्कोट यांनी एका लेखात मांडले की पान लवचीक हवे, ज्या पडद्यावर उघडावे त्याच्या मापाप्रमाणे त्याने आपली मांडणी बदलावी. २०१७ साली 'ग्रिड' ही आडव्या-उभ्या आखणीची पद्धत प्रमुख ब्राउझरांत आली आणि तक्त्यांची ती जुनी कसरत कायमची संपली. पेंटरकाकांना हे ऐकून नवल वाटले नाही. "आम्ही दुसरं काय करत होतो? खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणायची, मध्ये टिचकी मारायची, भिंतीवर रेघ. आधी रेघा, मग अक्षरं."

ठिपक्यांची रांगोळी

आता त्या रांगोळीचे गुपित सांगतो. आईने अंगणात घातलेली रांगोळी आठवावी. सारे आपोआप समजेल.

आधी ठिपके. सी. एस. एस.मध्ये 'रेडियल ग्रेडियंट' नावाची सोय आहे. मध्यबिंदूपासून बाहेर जाताना रंग कसा बदलावा, हे तिला सांगायचे. तीन बिंदूंपर्यंत पांढरा आणि तिथून पुढे एकदम काहीच नाही, असे सांगितले की एक ठिपका तयार. मग सांगायचे, की हा ठिपका चोवीस बिंदूंच्या चौकोनात बसव आणि तो चौकोन पानभर पुन्हा पुन्हा मांड. क्षणात हजार ठिपके उमटतात. ही झाली सरळ ठिपक्यांची रांगोळी. पंधरा ते आठसारख्या रांगोळीत दुसऱ्या ओळीचे ठिपके पहिल्या ओळीच्या मधोमध येतात. त्यासाठी ठिपक्यांचा आणखी एक थर घ्यायचा आणि तो बारा बिंदू उजवीकडे, बारा बिंदू खाली सरकवायचा. अर्ध्याने सरकवले की झाले.

मग पाकळी. कोणत्याही चौकोनाचे कोपरे गोल करण्याची सोय आहे. तिचे नाव 'बॉर्डर रेडियस'. चारही कोपरे पूर्ण गोल केले तर चौकोनाचे वर्तुळ होते, हे कोणीही सांगेल. पण समोरासमोरचे दोनच कोपरे पूर्ण गोल केले आणि उरलेले दोन टोकदार ठेवले, तर पिंपळाच्या कोवळ्या पालवीसारखा पानाचा आकार मिळतो. ते पान टोकाशी धरून नव्वद-नव्वद अंशांनी फिरवले की चार पाकळ्यांचे फूल. पंचेचाळीस अंशांनी फिरवून आठ घेतली आणि रंग थोडा पारदर्शक ठेवला, तर पाकळ्या एकमेकींवर चढतात आणि जिथे चढतात तिथे रंग गडद होतो.

तोरणातल्या पताकांची युक्ती सर्वांत गमतीची. एक चौकट घ्यायची, तिच्या आतली जागा शून्य करायची आणि कडा मात्र जाड ठेवायच्या. फोटोच्या लाकडी चौकटीच्या पट्ट्या कोपऱ्यात तिरप्या कापून जोडलेल्या असतात, तशाच या कडाही तिरप्या जुळतात. आतली जागाच उरली नाही, की चारही पट्ट्यांचे चार त्रिकोण होतात. तीन अदृश्य करावेत, एक ठेवावा. झाली पताका!

अशा युक्त्यांचे वेड जगभर आहे. ग्रीसच्या लीआ व्हेरू यांनी २०११ साली नुसत्या रंगछटांच्या नियमांतून चौकडी, पट्ट्या, नक्षी असे कितीतरी नमुने विणून दाखवले. २०१८ साली अमेरिकेच्या डायना स्मिथ यांनी 'फ्रान्सीन' हे जुन्या तैलचित्राच्या धर्तीचे एका स्त्रीचे चित्र केवळ हाताने लिहिलेल्या नियमांतून उभे केले. गालावरची लाली, झालरीची नाजूक सावली, सगळे शब्दांतून. त्या चित्राची आणखी एक गंमत झाली. जुन्या ब्राउझरांत ते उघडले तेव्हा काही नियम त्यांना कळेनात, आणि त्या सुंदर स्त्रीचा चेहरा चौकोना-चौकोनांत विस्कटून आधुनिक चित्रकलेचा नमुनाच वाटू लागला. लोकांनी तीही रूपे हौसेने पाहिली.

मी मुलीला विचारले, "हे सगळं ठीक. पण रांगोळीला पैसे कोण देणार?" ती म्हणाली, "रांगोळीला नाही देणार. पण हात वळला ना आता!" तिचे उत्तर बरोबर होते. सतारीचे पलटे कोणी मैफलीत वाजवत नाही. पण पलटे ज्याने घोटले नाहीत त्याची मैफल रंगतही नाही.

पोळी-भाजी केंद्राची पाटी

चौथ्या महिन्यात तिला पहिले काम मिळाले. आमच्या भागातल्या एका पोळी-भाजी केंद्राला स्वतःचे पान हवे होते. केंद्र चालवतात त्या मावशींचा मुलगा हौशी. त्याने एका परदेशी उपाहारगृहाचे पान दाखवले आणि "अगदी असंच पाहिजे" म्हणून सांगितले. त्या पानावर बारीक, करड्या रंगाची इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर मांडली होती. मुलीने तसेच केले. अक्षरांत अंतर घालायला 'लेटर स्पेसिंग' असतेच. पान दिसायला देखणे झाले. तिने ते कौतुकाने वडिलांच्या मोबाइलवर उघडून दिले.

काकांनी मोबाइल हातभर लांब धरला. त्यांच्या मोबाइलवर अक्षरे नेहमीच सर्वांत मोठी केलेली असतात. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं पोरी, रेघ तुटलीय."

खरेच तुटली होती. इंग्रजी अक्षरे सुटीसुटी उभी असतात. आपली अक्षरे शिरोरेघेला धरून असतात, दोरीवर कपडे वाळत घालावे तशी. अक्षरांत अंतर घातले की ती दोरीच जागोजाग तुटते. 'पोळी' आणि 'भाजी' हे शब्द राहिलेच नव्हते. चार सुटी अक्षरे नुसती एका रांगेत उभी होती.

"आणि ही वेलांटी कुठं गेली?" काकांनी पुढे विचारले. तीही गेली होती. इंग्रजी मजकुराच्या मापाने ओळीची उंची ठरवून टाकली होती. आपल्या लिपीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराखाली उकार असतात. त्यांना इंग्रजीपेक्षा अधिक जागा लागते. काकांनी मोबाइलवर अक्षर मोठे केले होते, पण डब्याची उंची तेवढीच राहिली होती. त्यामुळे वेलांटीचे डोके छाटले गेले.

तिसरा दोष आणखी बारीक होता. श्रावणातल्या उपवासाच्या थाळीचे वर्णन 'श्रावण' या शब्दाने सुरू होत होते आणि पहिले अक्षर जुन्या पुस्तकांतल्यासारखे मोठे, रंगीत करायचे होते. त्यासाठीही तयार नियम आहे. पण पहिले अक्षर म्हणजे नेमके काय? आपल्याला विचाराल तर 'श्रा'. यंत्राच्या लेखी मात्र 'श' आणि 'र' ही व्यंजने वेगवेगळी साठवलेली. अर्धा 'श' मोठा झाला आणि 'रा' लहानच मागे राहिला. जोडाक्षर हे एकसंध धरावे, हा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत २०२३ साली समाविष्ट झाला. पण सगळे जुने मोबाइल तो जाणतातच असे नाही.

चौथी गोष्ट काकांनी सवयीने काढली. "हा 'ल' आपला नाही." मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा, हिंदीचा दांड्याचा. ज्या टंकांत दोन्ही रूपे घातलेली असतात त्यांत पानावर भाषा मराठी असल्याचे नोंदवले, की मराठी 'ल' आणि मराठी 'श' आपोआप येतात. पानाच्या भाषेच्या जागी तिने चुकून इंग्रजी ठेवले होते. एवढ्या एका शब्दाने 'ल' परका झाला होता.

त्या रात्री ती रडली, हे काकूंनी मला नंतर सांगितले. ग्राहकाने मागितले तसे द्यावे तर बापाला वाचता येत नाही. बापाला वाचता येईल असे करावे तर पहिलेच काम हातचे जाण्याची भीती. सहा महिन्यांपैकी चार तर संपलेच होते.

अक्षरांमागची माणसे

हे झगडे काही आजचे नाहीत. देवनागरी मुळात हाताची लिपी. तिला शिशाच्या खिळ्यांत बसवण्यासाठी मुंबईत एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने अपार मेहनत घेतली. तिथल्या सुबक, डौलदार खिळ्यांची ख्याती देशभर झाली. संगणकाच्या काळात तेच काम पुन्हा करावे लागले. आय. आय. टी., मुंबई येथील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा टंक 'विंडोज २०००'बरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचला. त्यांचे २००८ साली निधन झाले.

त्याआधी मराठी पाने वाचायची म्हणजे दिव्य असे. प्रत्येक प्रकाशनाचा टंक वेगळा. तो आपल्या संगणकात नसला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगन्मान्य क्रमांक दिला आणि ती भेळ थांबली. पुढे पानाबरोबरच टंक पाठवण्याची सोय सी. एस. एस.मुळे सर्रास वापरात आली आणि वाचकाने काहीही उतरवून न घेता हवे ते वळण दाखवणे शक्य झाले. मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचे 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' हे टंक आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. 'मोदक' तर नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे. आणि 'यात्रा वन' नावाचा एक टंक आहे, त्याची प्रेरणा आहे मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या! कॅथरीन ले श्मिट या परदेशी रचनाकार स्त्रीने तो घडवला. तो पाहिला तेव्हा पेंटरकाका कितीतरी वेळ मोबाइल सोडीनात. ब्रशाची सुरुवात कुठे आणि उचल कुठे, हे ते बोटाने हवेत गिरवून दाखवत राहिले.

रंगांची नावे

रंगांच्या बाबतीतही बाप-लेकीचे असेच चाले. सी. एस. एस.मध्ये सुमारे दीडशे रंगांना तयार नावे आहेत. टोमॅटो आहे, 'पीच पफ' आहे, 'पपाया व्हिप' म्हणजे घुसळलेल्या पपईचाही रंग आहे. काकांना ही नावे ऐकून हसू येई. पण करड्या अक्षरांवर मात्र ते ठाम होते. "स्टेशनची पाटी पिवळ्यावर काळी का असते? धावत्या गाडीतून वाचता यावी म्हणून." आता याला शास्त्राचे पाठबळ आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढतात. पांढऱ्यावर शुद्ध काळ्याचे ते २१ येते. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ असावे, असा जागतिक संकेत आहे. पोळी-भाजीच्या पानावरची करडी अक्षरे त्या कसोटीला उतरत नव्हती.

सावल्यांबद्दलही तसेच. अक्षरांना सावली देण्यासाठी 'टेक्स्ट शॅडो' आहे. सावलीचे पाच-सहा थर एकेका बिंदूने सरकवत नेले की काका काढत तशी उठावाची ठोकळ अक्षरे होतात. मुलीने एका शीर्षकाची सावली उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे टाकली होती. "दोन सूर्य उगवलेत का?" काकांनी विचारले.

या दीडशे नावांत एक नाव मात्र वेगळे आहे. त्या रंगाला 'रिबेका पर्पल' म्हणतात. एरिक मायर या अमेरिकी लेखकाने आपली हयात सी. एस. एस. इतरांना शिकवण्यात घालवली. असंख्य लोक त्यांच्या पुस्तकांवरून शिकले. त्यांची धाकटी मुलगी रिबेका मेंदूच्या कर्करोगाने ७ जून २०१४ रोजी गेली. तो तिचा सहावा वाढदिवस होता. तिला जांभळा रंग फार आवडे. जगभरच्या सहकाऱ्यांनी ठरवले, की ६६३३९९ या क्रमांकाच्या जांभळ्या रंगाला तिचे नाव द्यावे. घरात तिला 'बेका' म्हणत; पण सहा वर्षांची झाले की मी मोठी होणार, मग मला पूर्ण नावाने हाक मारायची, असे तिने बजावले होते. सहावे वर्ष लागून ती जेमतेम अर्धा दिवस जगली. म्हणून वडिलांनी रंगाचे नाव पूर्ण ठेवायला सांगितले. आज प्रत्येक ब्राउझरला तो शब्द कळतो. कोरडी, तांत्रिक म्हणून जिच्याकडे आपण पाहतो त्या भाषेत एका बापाचे दुःख असे जपून ठेवलेले आहे. मुलीने हे सांगितले तेव्हा काकू पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या.

वाचकाचेही मत

होकुन ली यांच्या १९९४च्या मूळ प्रस्तावात एक कल्पना होती. पान कसे दिसावे हे केवळ लिहिणाऱ्याने ठरवू नये. वाचणाऱ्याच्या इच्छेलाही वजन असावे, आणि दोघांत तडजोड व्हावी. आज आपण मोबाइलवर अक्षर मोठे करतो किंवा रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी निवडतो, तेव्हा त्याच हक्काचा वापर करत असतो. ज्यांना चक्कर येते त्यांच्यासाठी हलणारी चित्रे थांबवण्याची सोयही यातच आहे. मात्र लिहिणाऱ्याने तो हक्क मानला पाहिजे. अक्षराचे माप आणि ओळीची उंची एकमेकांच्या प्रमाणात बांधली, तर आजोबांनी अक्षर दुप्पट केले तरी वेलांटी शाबूत राहते. उंची हट्टाने गोठवली तर ती छाटली जाते. फरक एका ओळीचा असतो.

मुलीने शेवटी दोन पाने तयार केली. एक ग्राहकाने मागितले तसे. दुसऱ्यात मराठीसाठी अंतर शून्य, ओळीला भरपूर जागा, अक्षरे ठळक आणि काळी, 'ल' मराठी आणि 'श्रा' एकसंध. दोन्ही घेऊन ती केंद्रावर गेली. मुलगा पहिल्यावरच अडून बसला. तेव्हा तिने मोबाइल मावशींच्या हातात दिला आणि विचारले, "मावशी, यातलं कोणतं वाचता येतंय?" मावशींनी हात पदराला पुसले, डोळे बारीक केले आणि दुसरे पान मोठ्याने वाचून दाखवले, उपवासाच्या थाळीच्या दरासकट.

काम तिलाच मिळाले. दोन पाने केल्याचे जास्तीचे पैसे मात्र मिळाले नाहीत. ती थोडी खट्टू झाली होती. काका म्हणाले, "पाटीचे पैसे एकदाच मिळतात. पण पाटी लोकांनी वाचली तर पुढचा गिऱ्हाईक आपणच येतो."

घरी करून पाहावे

वाचकांपैकी कोणाच्या घरी मुले सुटीत कंटाळली असतील, तर त्यांना हे जरूर करून पाहू द्यावे. महागडे काही लागत नाही. संगणकावरची साधी नोंदवही आणि कोणताही ब्राउझर पुरतो. आधी आपले नाव मराठीत लिहावे, मग त्याला रंग द्यावा, मग सावली. नंतर एक चौकोन घेऊन त्याचे वर्तुळ करावे, वर्तुळाची पाकळी, पाकळीचे फूल. चूक झाली तर काही बिघडत नाही. एक ओळ पुसावी आणि पुन्हा लिहावी. आणि झालेले पान आजीच्या मोबाइलवर, सर्वांत मोठ्या अक्षरात उघडून पाहावे. आजीला वाचता आले की उत्तीर्ण.

सहा महिने मागच्या आठवड्यात संपले. मुलीजवळ सध्या एक दवाखाना आणि एक शिकवणीवर्ग अशी दोन कामे आहेत. अंधेरीच्या पगाराएवढी कमाई अजून होत नाही. काकूंची काळजी सरलेली नाही. मुदत आणखी सहा महिने वाढली आहे, एवढे खरे.

रोज रात्री जेवणे झाली की काका तिच्या मागे खुर्ची ओढून बसतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायची ठरली आहे, तोवर दिसेल तेवढे पाहतात. संगणकातले त्यांना काही कळत नाही, असे ते स्वतःच सांगतात. पडद्याजवळ वाकून शब्दावरून डावीकडून उजवीकडे बोट तेवढे फिरवतात आणि रेघ कुठे तुटली नाही ना, हे पाहतात.